राज्यशासन शिकवताना खिडकी लावून घ्या

अभिनंदन! 'राज्यशासन आणि राजकारण' हा पेपर तुमच्या वाट्याला आला आहे. म्हणजे एकतर विभागात तुम्ही सगळ्यात नवे आहात, किंवा वेळापत्रक ठरलं त्या दिवशी रजेवर होता. बहुधा तुम्ही 'अतिथी विद्वान' असाल. आमच्या मध्य प्रदेशात हंगामी प्राध्यापकाला हे भारदस्त नाव आहे. पाहुण्यासारखं यायचं, विद्वानासारखं गप्प बसायचं आणि मानधन दिवसांच्या हिशेबाने घ्यायचं. इंदूरच्या कॉलेजांत हा पेपर मी बरीच वर्षं ओढला आहे, म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करा. ग्रीस लांब आहे आणि तिथल्या कुणाचा पुतण्या आपल्या वर्गात नसतो. मग मॉन्टेस्क्यू. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या घटनेच्या सातव्या अनुसूचीपाशी पोचेपर्यंत दिवाळी यायला हवी. राज्यसूचीत पोलीस आहेत, सार्वजनिक आरोग्य आहे, शेती, जमीन, पाणी आहे, म्हणजे मुलांच्या घरातल्या निम्म्या भांडणांचे विषय. तेव्हा ती यादी पाठ करायला सांगा, समजावायच्या फंदात पडू नका. शिक्षण मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या, सूचीत गेलं, ही मोठी सोय झाली. वर्गाचं छत गळतंय ते केंद्रामुळे की राज्यामुळे, असं कुणी विचारलं तर 'दोघांमुळे' हे उत्तर घटनेला धरून आहे.

आपल्या मराठी मुलांपासून विशेष सावध राहा. रामबाग, लोकमान्यनगर इकडची ही मुलं. घरी संध्याकाळी आजोबा मुंबईचं मराठी वृत्तवाहिनीचं चॅनल लावून बसतात. त्यामुळे महाराष्ट्रात कोण कुणाला सोडून कुठे गेला हे यांना तोंडपाठ असतं, आणि भोपाळला बसलेला आपला आमदार मात्र होर्डिंगवरच्या वाढदिवसापुरता ठाऊक. (माझ्या घरीही हेच चालतं. उगाच खोटं कशाला बोला!)

अशाच एका मुलाने पेपरात लिहिलं होतं, 'मध्य प्रदेश विधान परिषदेत ७८ सदस्य असतात.' अक्षर मोत्यासारखं, खाली पट्टीने ओढलेली रेघ. ७८ हा महाराष्ट्राच्या परिषदेचा आकडा. मध्य प्रदेशात विधान परिषद नाहीच. मी लाल पेनाने फुली मारली, चहा घेतला आणि अवदसा आठवली म्हणून घटनेचं पुस्तक उघडलं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत लिहिलं आहे की राष्ट्रपती अधिसूचनेने ठरवतील त्या तारखेपासून अनुच्छेद १६८ मध्ये, म्हणजे विधान परिषद असलेल्या राज्यांच्या यादीत, 'मध्य प्रदेश' हे शब्द येतील. ती तारीख आजतागायत ठरलेली नाही. पुस्तकात पानाच्या तळाशी बारीक टाइपात तशी टीप आहे. म्हणजे ज्या सभागृहाची तरतूद होऊन जवळपास सत्तर वर्षं झाली, ते अजून तारखेची वाट पाहतंय, आणि मी त्या पोराचे गुण कापत होतो. अर्धा गुण द्यायचं मनात आलं, पण आदर्श उत्तरात अर्ध्या गुणाची सोय नव्हती. तुम्ही असली टीप वर्गात दाखवू नका. मुलं 'का?' असं विचारतात.

राजधानीचा विषय दोन मिनिटांत उरका. 'मध्य भारत' नावाचं राज्य होतं तेव्हा सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि आपल्याकडे लोकसेवा आयोग. रुसलेल्या पाहुण्यांना लाडू वाटावेत तशी ही वाटणी झाली. हे जास्त रंगवून सांगितलं तर वर्ग उठून भंवरकुआँच्या कोचिंगला जाईल. तिथे हेच पैसे देऊन ऐकायला मिळतं, त्यामुळे पटतंही.

खरी कसोटी पक्षांतरबंदीची. दहावी अनुसूची शिकवायला इथल्याइतकं चोख उदाहरण मिळणं अवघड. मार्च २०२० मध्ये २२८ आमदारांच्या सभागृहातून सत्ताधारी बाकांवरच्या २२ जणांनी राजीनामे दिले. पक्ष बदलला तर अपात्रता, पण राजीनामा दिला तर संख्याच घटते. सभागृह २०६ वर आलं की बहुमत ११५ वरून १०४ वर उतरतं, आणि समोरच्या बाकांवर १०७ जण आधीच बसलेले असतात. कायद्याचं पोट आणि पाठ एका वजाबाकीत दिसते. म्हणूनच हे उदाहरण घेऊ नका. हरियाणाचा १९६७ चा 'आयाराम' घ्या. अगदी इथलंच हवं असेल तर त्याच वर्षी गोविंद नारायण सिंह यांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं ते चालेल. पन्नास वर्षांपूर्वी फुटलेला आमदार इतिहासात जातो, पाच वर्षांपूर्वी फुटलेला राजकारणात, आणि प्राचार्यांना राजकारण खपत नाही. पेपरच्या नावात ते असलं म्हणून काय झालं!

'नोटा', म्हणजे मतदान यंत्रावरच्या 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाबद्दल कुणीतरी विचारणारच. २०२४ ला इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. त्यातलं एखादं मत शेवटच्या बाकावर बसलेलं असतं. 'ती लोकसभेची निवडणूक, आपल्या अभ्यासक्रमात नाही,' एवढंच बोला. सहल काढायची झाली तर मांडूला न्या. भोपाळची विधानसभा दाखवलीत तर मुलं रिकाम्या खुर्च्या मोजतील.

राहता राहिली ती खिडकी. सकाळच्या तासाला कचऱ्याची गाडी भोंग्यावर गाणं वाजवत कॉलेजसमोर थांबते. एकदा माझ्या वर्गातल्या एकीने नेमकं तेव्हाच विचारलं, "सर, ये गाड़ी किसकी सरकार की है?" गाडी महापालिकेची, महापालिका राज्याच्या कायद्याने चालते, महापौर लोकांनी निवडलेला आणि आयुक्त भोपाळहून नेमलेला. शहरांच्या कारभाराची ७४ वी घटनादुरुस्ती, बारावी अनुसूची, तिच्यातले १८ विषय, सगळा पेपर त्या गाडीत ओल्या-सुक्यासकट भरलेला होता. तिने पुढचा प्रश्न केला, "फिर बड़ा कौन?" मी खिडकी लावून घेतली.

तुम्हीही लावा. उकडतंय म्हणून पोरं कुरकुरतील. पंखा का बंद आहे असं विचारलंच, तर 'वीज : समवर्ती सूची, नोंद ३८' असं फळ्यावर लिहा आणि हजेरी घ्यायला लागा.