अमेरिकेतल्या निकालाने इथलं आरक्षण जात नाही

‘अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशातला कोटा रद्द केला, आता आपला नंबर’ हा मेसेज मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. कोटा, म्हणजे ठरावीक राखीव जागा, तिथे १९७८ सालीच बंद झाला. २९ जून २०२३ च्या हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात गेलं ते निवडीत अर्जदाराच्या वंशाला मिळणारं वजन. वंशामुळे काय सोसलं, हे निबंधात आजही लिहिता येतं, एवढं तर निकालातच आहे! आपल्याकडचं आरक्षण मागासवर्गीयांसाठी खास तरतुदीची मुभा देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १५(४) वर उभं आहे, तेही १९५१ पासून. परदेशी निकाल इथल्या कोर्टावर बंधनकारक नसतो. आरक्षणाला विरोध असेल तर खुशाल मांडा, पण बारावीच्या पोरांना घाबरवू नका. जात वैधता प्रमाणपत्राची फाइल कुणीही बाजूला ठेवू नये.