कडक भाकरी आणि कुत्र्यांचं चारित्र्य

आमच्या घरात तीन कुत्री आहेत आणि तिघांच्याही चारित्र्याबद्दल गल्लीत बोललं जातं. खंड्या गावठी, आम्ही राहतो त्या जुळे सोलापूर या सोलापूरच्या उपनगरातल्याच एका अर्धवट बांधकामावरून उचलून आणलेला. ब्रुनो लॅब्रॅडॉर. तो मेव्हण्याने "दाजी, तुम्हाला सोबत होईल" म्हणून आणून सोडला. त्याला ब्रुनो फक्त मेव्हणाच म्हणतो, बाकीचं सोलापूर ब्रुन्या म्हणतं. तिसरी चटणी. नाव रंगावरून पडलं, पण स्वभावालाही शोभतं. तिघांपैकी एकाचीही नसबंदी झालेली नव्हती, तेव्हाची ही हकीकत.

तेव्हा कोण कुणावर चढेल याचा नेम नव्हता. ब्रुन्या खंड्यावर, खंड्या चटणीवर, चटणी ब्रुन्यावर, आणि कुणीच रिकामं सापडलं नाही तर ब्रुन्या चादरीवर. चादर अर्थातच सोलापुरी, जीआय मानांकनाची. ती घडी घालून ठेवलेली असली तर तो आधी कॉटवरून खाली ओढायचा, पुढच्या पायांत नीट जमवून घ्यायचा आणि चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता कामाला लागायचा. पाहुण्यांसमोर. विशेषतः पाहुण्यांसमोर. पाहुणेही मोठे समंजस. ते अशा वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी शोधायला लागतात.

समोर अप्पा राहतात. मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये होते, आता कट्ट्यावर असतात. त्यांनी ब्रुन्याला खंड्यावर पाहिलं तेव्हा, "काय ओ, दोघं गडीच की हे!" एवढंच म्हणाले. तेवढं त्यांनी काळाचा महिमा म्हणून सोसलं. पण चटणी ब्रुन्याच्या पाठीवर दिसली त्या दिवशी ते उठून आत गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

मेव्हण्याकडे या सगळ्याचं उत्तर तयार होतं. "दाजी, हे अल्फाचं चाललंय. घरात बॉस कोण ते ठरतंय. तुम्ही अल्फा व्हा." मी ज्या घरात राहतो त्या घरात माझी आई आणि बायको दोघी आहेत, हे त्याला ठाऊक असूनही तो हे म्हणाला. मग मी जरा वाचन केलं. कळपात सतत मारामारी करून म्होरक्या ठरतो, ही समजूत कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांना बघून झालेली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनीच १९९९ साली लिहिलं की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. मी हे मेव्हण्याला सांगितलं. "तिकडच्या लांडग्यांचं असेल," म्हणून त्याने मेच यांना निकालात काढलं.

डॉक्टरांनी मात्र पाच मिनिटांत विषय जमिनीवर आणला. म्हणाले, यातलं सगळं प्रेमप्रकरण नसतं. हार्मोन आहेतच, पण आनंद झाला, घाबरलं, कंटाळा आला, खेळताना भान सुटलं, तरी कुत्रं चढतं. माद्याही चढतात. नसबंदी झालेलीही कधीकधी चढतात. "कधी जास्त होतं ते बघा," म्हणाले.

बघायची गरजच नव्हती. पाणी येतं त्या दिवशी.

बाहेरगावच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात आणि मग ते येतं. येतं तेव्हा घरातला प्रत्येक जण आपापल्या जागेवर धावतो. बायको गच्चीवर टाकीपाशी, पोरगी मोटरच्या बटणापाशी, आई स्वयंपाकघरात पिंप, कळश्या आणि पातेली मांडून, आणि मी अंगणात हौदापाशी पाइप धरून. वर "चालू कर!", खाली "बंद कर!", मध्ये "कोण बे तो पाइप ओढतंय?" असा सगळा गलका. तीन कुत्र्यांना यातलं एवढंच कळतं की घरात काहीतरी फार मोठं आणि फार आनंदाचं घडतंय, आणि आपल्याला त्यात काहीच काम दिलेलं नाही.

त्या दिवशी हौदाचा तळ घासायचा म्हणून मी कमरेपर्यंत आत वाकलो होतो. एका हातात ब्रश, दुसऱ्यात पाइप. मागून ब्रुन्या आला. लॅब्रॅडॉर म्हणजे तीस किलोचा ऐवज, आणि त्याने माझ्या कमरेला घातलेली मिठी ही काही वरवरची मिठी नव्हती. मी ओरडलो. हौदात ओरडलं की आवाज घुमतो, त्यामुळे ब्रुन्याला वाटलं आत दोघं आहेत. त्याला आणखी चेव आला. माझं ओरडणं ऐकून खंड्या धावत आला आणि ब्रुन्यावर चढला. गच्चीवरून बायको, "अहो, टाकी भरली, मोटर बंद करायला सांगा!" मी हौदातून, "आधी याला उतरवा!" पोरगी ओट्यावर हसून बसकण मारलेली. अप्पा कट्ट्यावरून उठले, फाटकापर्यंत आले, पूर्ण प्रकार बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाणी वाया जातंय ओ."

पाण्यावरून आठवलं. कुत्री जुळलेली दिसली की त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतायचं, असा एक उपाय गावोगाव सांगतात. जुळलेली कुत्री अर्धा तास अडकून राहू शकतात, त्यांना ओढून वा घाबरवून वेगळं करणं म्हणजे इजा करणं, म्हणून डॉक्टर हा उपाय करू देत नाहीत. सोलापुरात तो करतच नाहीत. इथे कुत्र्यांच्या शीलापायी बादलीभर पाणी कोण घालवणार?

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय दिसायला फारच मिळमिळीत होता. ओरडायचं नाही, हसायचं नाही, कारण दोन्हीला कुत्रं दाद समजतं. नजर द्यायची नाही. शांतपणे नाव घेऊन बाजूला बोलवायचं, बसायला लावायचं, बसलं की काहीतरी चघळायला द्यायचं. घरातसुद्धा थोडा वेळ गळ्यात हलका पट्टा ठेवायचा, म्हणजे झटापट न करता बाजूला नेता येतं. आणि मुख्य म्हणजे गडबड व्हायच्या आधी दमवून आणायचं.

चघळायला काय द्यायचं हे आईने परस्पर ठरवलं. कडक भाकरी. महिनोन्महिने टिकणारी, मोडताना आवाज करणारी, आपल्या दाढांची परीक्षा बघणारी ती ज्वारीची पातळ भाकरी. ब्रुन्या चढला की आई तुकडा पुढे करायची. तो लगेच उतरायचा. आई विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायची. फक्त एक विनंती मी केली होती, वर शेंगाची चटणी लावू नकोस, लसूण कुत्र्यांना बाधतो. नुसती भाकरी द्यायची म्हणजे माहेरची अब्रू गेली, असा चेहरा करून तिने ती मान्य केली.

लवकरच एक नवा प्रकार दिसायला लागला. ब्रुन्या चादरीवर चढायचा, दोन-तीन झटके मारायचा आणि थांबून स्वयंपाकघराकडे बघायचा. भाकरी यायला उशीर झाला तर आणखी दोन. तिसऱ्या दिवशी चटणी आणि खंड्याही रांगेत. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना खुर्चीवर नीट बसता येईना. "आईंनी त्याला पगारावर ठेवलाय," म्हणाले. मध्ये 'बस' पाहिजे. उतरला, आला, बसला, मगच भाकरी. आणि चढायच्या आधीच बोलावून बसवलं तर सगळ्यात उत्तम. आईला हे पटायला वेळ लागला. "भुकेल्याला आधी बस म्हणायचं? आपल्यात आधी पाट मांडतात."

हे सगळं रुळतंय तोवर जानेवारीत चटणी माजावर आली. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, तिकडे होम मैदानावर भरली होती, आणि आमच्या फाटकापुढे दुसरा गड्डा भरला. जुळे सोलापुरातला झाडून सगळा नरवर्ग तिथे. विजापूर रोडवरूनही काही जण आले असावेत, चेहरे अनोळखी होते. आत ब्रुन्या एका खोलीत, खंड्या दुसऱ्या, मध्ये चटणी, आणि एक दार उघडायच्या आधी दुसरं लागलंय का हे ओरडून विचारायची पद्धत. जेवण सोडून दोघांनी रात्रभर गळा काढला. सुरुवातीचा आठवडा रक्त जातं, ते फिकं झालं की लोक सुटलो म्हणतात. डॉक्टर म्हणाले, खरी जोखीम तिथूनच. एकूण तीन आठवडे पहारा. ज्याला वाटतं आपण कर्तबगार आहोत त्याने हे तीन आठवडे काढून बघावेत.

माज संपल्यावर दोनेक महिने थांबून चटणीची शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल कुणी हरकत घेतली नाही. ब्रुन्याचं नाव निघालं तेव्हा मात्र गल्लीतला पुरुषवर्ग एकदम हळवा झाला. एरवी त्याला बघून तोंड फिरवणारे अप्पा म्हणाले, "मुक्या जिवाचं असं करू नये ओ." बोलताना त्यांनी एक पाय दुसऱ्यावर घेतला. मेव्हणा फोनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दाजी, निदान एकदा तरी..." त्याच्या मनात पिल्लांचा हिशेब होता, पण आवाजात कळकळ खरी होती. बायकांपैकी एकीलाही वाईट वाटलं नाही.

ब्रुन्या गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं घालून घरी आला आणि दारांच्या चौकटी मोजत फिरला. नर लगेच निर्धोक होत नाही, महिनाभर तरी जपा, असं सांगितलं होतं. चटणीचा प्रश्न सुटलेला असल्यामुळे आम्हाला जपायला काही उरलं नव्हतं. हळूहळू फरक पडला. खंड्याला त्याने सोडलं, पाहुण्यांना सोडलं. चादर सोडली नाही. ती हार्मोनची नाही, सवयीची आहे, असं डॉक्टरांचं मत. पाणी येतं त्या दिवशी आम्ही ती कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि त्याला पहाटेच पार दमवून आणतो.

आता खंड्याचा नंबर. डॉक्टरांनी येत्या बुधवारची तारीख दिली. मी आईला सांगितलं.

"बुधवारी पाणी आहे," आई म्हणाली. "त्यांना म्हणावं, गुरुवारी कापा."