सोनाराचा काटा, फाउंडेशनचं रबर आणि माझी चूक

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या 1489 सीसीच्या मार्क टू अँबेसेडरचं इंजिन खोलून पिस्टन, कनेक्टिंग रॉड सोनाराच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाचे केले आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) नागपूरला बॅलन्स करून आणला, ते लिहिलं होतं. त्यावर तुम्ही फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्या रबरी बुडांवर बसतं त्यांची, बाजू घेत लिहिलं, "सोनाराच्या काट्यावर पिस्टन मोजून काय होते भाऊ? फाउंडेशनची रबरं बदला, थरथर बंद. चार सिलिंडरचं इंजिन पुरतं बॅलन्स होतच नाही. अन् समोरच्या पुलीतलं रबर म्हणजे निव्वळ खर्च, मी माझ्या सहा सिलिंडरच्या जुन्या अमेरिकन गाडीला लेथवर सॉलिड पुली करून बसवली, काहीच फरक नाही."

चार सिलिंडरबद्दल तुमचं खरं आहे आणि माझं वाक्य चुकलं. "बॅलन्सिंग केलं की इंजिन पाण्यासारखं चालते" असं मी लिहून बसलो. तसं होत नाही. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, पण रॉड तिरपा होत असल्यामुळे वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टनचा वेग वेगळा अन् खालच्या अर्ध्या फेरीत वेगळा. त्यामुळे क्रँकच्या एका फेरीत दोनदा झटका बसतो, तो चारही सिलिंडरचा एकाच दिशेने, आणि बेरीज होत जाते. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 88.9 मिलिमीटर, रॉड त्याच्या दुपटीहून थोडा कमी. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून एका सिलिंडरचे 600 ग्रॅम धरले, तर 3000 आरपीएमला हा जोर साधारण 290 किलो वजनाइतका निघतो, सेकंदाला 100 वेळा वर-खाली. सोनाराच्या काट्याने त्यातला एक किलोही कमी होत नाही. त्याला लँचेस्टरची युक्ती लागते: क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन वजनदार शाफ्टा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढली होती, मित्सुबिशीने 1975 मध्ये ती पुन्हा गाजवली. आपल्या अँबेसेडरला अशा शाफ्टा नाहीत. म्हणून तिथे फाउंडेशनचं रबरच कामाचं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दगडासारखं होतं हेही तुम्ही बरोबर म्हटलं.

पण थरथर एकाच जातीची नसते हो. फेरीत दोनदा येणारी वेगळी, एकदा येणारी वेगळी. एकदा येणारी म्हणजे फिरणाऱ्या लोखंडात कुठेतरी वजन एका अंगाला जास्त. ती मात्र मशीनवर जाते. इथे माझा दुसरा कबुलीजबाब. पिस्टन मी एका ग्रॅमपर्यंत सारखे केले, त्याची ऐट लेखात पुरेपूर आली. हिशेब नंतर केला. पिस्टनमधला 5 ग्रॅमचा फरक 3000 आरपीएमला जेमतेम 2 किलोचा जोर देतो. फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाच्या जड चाकावर, केंद्रापासून 13 सेंटिमीटरवर 20 ग्रॅम जास्त असले तर 26 किलोचा! आणि मी काय केलं होतं? क्रँक एकटाच नागपूरला पाठवला. फ्लायव्हील अन् क्लचचं कव्हर इथे शेडमध्ये पडून, कव्हर कुठल्या बाजूला होतं याची पंचने खूणही केली नव्हती. बसलं तसं बसवलं. गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरली. दुसऱ्या खेपेला सगळं एकत्र जोडून नेलं, आधी क्रँक, मग फ्लायव्हील, मग कव्हर असं एकेक चढवत बॅलन्स करून घेतलं, खुणा केल्या. फरक पडला तो तेव्हा. काट्याचं कौतुक लिहिलं, ही फजिती गाळली, म्हणून तुम्हाला सगळं ढोंग वाटलं असेल.

तरी फाउंडेशन बदलून "थरथर बंद" हे मला मान्य नाही. रबर थरथर बॉडीपर्यंत जाऊ देत नाही, क्रँकची सुटका करत नाही. या इंजिनाला मेन बेअरिंगं, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो ती, तीनच. दुसरा आणि तिसरा पिस्टन सोबतच वर जातात, सोबतच खाली येतात, अन् दोघांचा मार मधल्या बेअरिंगवर. एमजीबी या इंग्रज स्पोर्ट्स कारच्या, याच घराण्यातल्या 1798 सीसी इंजिनाला 1964 मध्ये पाच बेअरिंगं दिली, ती उगाच नाही.

खोलण्याआधी तपासायचं कसं, हे मी लिहायला हवं होतं. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. थरथर आली नाही, चालत्या गाडीतच येते, तर प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, पाहा. उभ्या गाडीत आली तर क्लच दाबून फरक पडतो का बघा. नुसत्या आयडलला हलत असेल तर प्लगच्या वायरी एकेक काढा. ज्या वायरीने काही फरक पडला नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला.

आता तुमची पुली. ही तिसरीच भानगड आहे, आणि याची मला खरंच काळजी वाटते. सहा सिलिंडरचा लांब क्रँक प्रत्येक स्फोटाला चऱ्हाटासारखा पिळतो आणि उलगडतो. ठरावीक आरपीएमला हे पिळणं त्याच्या स्वतःच्या तालाशी जुळलं की वाढत जातं. पुलीतली रबरावर बसवलेली जड कडी तो ताल मोडते. सीटवर बसून हे कळतच नाही, म्हणून "काहीच फरक नाही". तडा जातो तो जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कोपऱ्यात, त्यातही ग्राइंड करणाऱ्याने तिथली गोलाई न ठेवता कोपरा धारदार सोडला असेल तर आणखी लवकर. रबर जुनं झाल्यावर बाहेरची कडी सरकते, मग तिच्यावरची इग्निशन टायमिंगची खूणही खोटं बोलते. तुम्ही पुली बदलली ते यामुळेच का?

जुनी पुली भंगारात दिली का? दिली नसेल तर रबर फाटलेलं असलं तरी ठेवा. कडी अन् मधला भाग शाबूत असला तर नवीन रबर बसवून घेता येतं. तोवर गाडी पळवू नका. अन् कधी आमच्या दारव्ह्याकडे येणं झालं तर सॉलिड पुली सोबत आणा, पाहू द्या.