फक्त सोडत काढून भागत नाही
आयर्लंडच्या नागरिक सभेवरचा (सोडतीने निवडलेले सामान्य नागरिक सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करून शिफारशी करतात, ती सभा) लेख आवडला, पण ‘सोडतीने निवडलं की सभा आपोआप प्रातिनिधिक होते’ हे विधान खटकलं. 2016 च्या सभेत अध्यक्षा न्या. मेरी लाफॉय आणि 99 नागरिक होते. वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक वर्ग यांचं प्रमाण लोकसंख्येशी जुळवलं होतं, आणि निवड दारोदार फिरून करायची होती. खरी गळती इथेच होते. दार कोण उघडतं, आणि उघडून ‘हो’ कोण म्हणतं? शनिवार-रविवार द्यायचे होते, मानधन नव्हतं. मग लहान मुलं असलेले, सुट्टीच्या दिवशी कामावर जाणारे गळतात. वय-लिंग-वर्गाचे रकाने भरलेले दिसतात, पण त्यांत आधीच राजकारणात रस असलेलेच जास्त.

2018 च्या सुरुवातीला तर उघड झालं की सात नवे सदस्य दारोदार न फिरता, ओळखीपाळखीतून फोनवर घेतले होते. त्यांना काढावं लागलं. गर्भपाताच्या कायद्याबद्दलच्या सभेच्या शिफारशी एप्रिल 2017 मध्येच झाल्या होत्या, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. हा निव्वळ योगायोग. त्यामुळे अशा प्रत्येक सभेने किती दारं ठोठावली, किती नकार आले, किती जण मध्येच सोडून गेले, हे आकडे अहवालात छापलेच पाहिजेत. शिवाय विषयावरचं सदस्यांचं मत पहिल्या बैठकीआधी नोंदवून ते सर्वसाधारण जनतेच्या मतपाहणीशी ताडून बघावं.