पॅटन किती, आणि भोक केवढं?

१९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे नेमके किती पॅटन रणगाडे उडवले, हा वाद भारतात अधूनमधून पेटतो; त्या लढाईचं मॉडेल जोडणाऱ्यालाही तो टाळता येत नाही. सात, आठ असे आकडे सर्रास सांगितले जातात. परमवीरचक्राच्या मानपत्रात मात्र १० सप्टेंबर १९६५ च्या सकाळी चीमा गावापुढे दोन रणगाडे बाद केल्याचं आणि आणखी एकावर मारा करताना ते धारातीर्थी पडल्याचं वर्णन आहे. कुणी हे दाखवून दिलं की वीराचा अपमान केला म्हणून त्याच्यावर तुटून पडायचं, ही रीतच झाली आहे. मानपत्र त्या एका सकाळपुरतं बोलतं, आदल्या दिवसांचा हिशेब त्यात नाही, हे साधं उत्तरसुद्धा कुणी देत नाही.

इथे इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात 'टायगर १३१' हा जर्मन रणगाडा उभा आहे. तो २१ एप्रिल १९४३ ला ट्युनिशियात जेबेल जाफापाशी हाती लागला, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नव्या संशोधनानंतर जागाही बदलली आणि तारीखही: पॉइंट १७४, २४ एप्रिल. संग्रहालयाने आपली हकीगत बदलली, आणि त्यावरून कुणी कुणाला देशद्रोही म्हटलं नाही.

पण इथल्यांना फार डोक्यावर घेऊ नये. ऐंशी वर्षांपूर्वी जिंकलेल्या युद्धाबद्दल शांतपणे बोलणं सोपं असतं. आपली सीमा अजून धगधगते आहे. शिवाय इथल्या मॉडेल-प्रदर्शनांत हिटलरच्या एसएस दलातला रणगाडा-अधिकारी मिखाएल विटमन याचा टायगर, उडवलेल्या रणगाड्यांची खूण म्हणून तोफेच्या नळीवर पांढरी कडी रंगवून, कौतुकाने मांडलेला दिसतो. त्याच्या नावावरचे शंभराहून जास्त रणगाडे कुणी मोजले, हे विचारलं की मात्र सगळे गप्प.

मोजणं अवघड का, हे १:३५ प्रमाणाचं मॉडेल जोडताना हातालाच कळतं. हमीद यांची जीपवरची रिकॉइललेस (धक्का मागे न देणारी) तोफ नावाची १०६, व्यास प्रत्यक्षात १०५ मिलिमीटर. आधीच्या तोफेच्या दारूगोळ्याशी गल्लत नको म्हणून नाव बदललेलं. नळीवरच्या .५० बंदुकीतून आधी चमकत्या गोळ्या झाडायच्या, त्या लागल्या की मुख्य गोळा सोडायचा. मागून निघणाऱ्या झोताने धुळीचा लोट उठतो आणि जागा उघडी पडते, म्हणून लगेच जीप हलवायची. उसात, धुरात, जागा बदलत लढणाऱ्याने पेटलेले रणगाडे मोजायचे कधी? त्यात असल उत्तरला सेंच्युरियन, शर्मन, एएमएक्स-१३ हे भारतीय रणगाडेही मारा करत होते, शेतांत पाणी सोडलेलं होतं, आणि पाकिस्तानने गमावलेल्या रणगाड्यांच्या ९७ या प्रसिद्ध आकड्यात फुटलेल्यांबरोबर चिखलात रुतून सोडून दिलेले, हाती लागलेले पॅटनही धरलेले आहेत.

म्हणून सगळेच पॅटन जळके करणं चूक. सोडून दिलेला रणगाडा असेल तर झाकणं उघडी, चिखल पट्ट्यांच्या वरपर्यंत, रंग शाबूत. जळका असेल तर चाकांचं रबर कानसून काढा आणि चाकांचे दांडे थोडे वर वळवून चिकटवा, कारण आगीत टॉर्शन बारचं, म्हणजे सांगाडा तोलणाऱ्या पोलादी सळयांचं, पाणी उतरतं आणि सांगाडा खाली बसतो. हे चुकलं की जळका रणगाडा कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा ताठ दिसतो.

भोकाचंही तसंच. सेंच्युरियनच्या ८४ मिलिमीटर तोफेच्या पूर्ण व्यासाच्या भरीव गोळ्याचं भोक मॉडेलवर २.४ मिलिमीटर, कडेला पुट्टीचा बारीक, उमललेला ओठ करावा. शर्मनच्या ७६ चं २.२. सेंच्युरियनचा सॅबो गोळा (बाहेरचं कवच गळून आतला बारीक गाभाच लागतो तो) असेल तर भोक लहान. १०६ चा पोकळ दारूचा गोळा बारीक झोताने चिलखत भेदतो, त्याला ०.८ चं ड्रिल पुरे, भोवती काजळी. हमीद यांचा पॅटन म्हणून अडीच मिलिमीटरचं भोक पाडलेलं दिसलं की समजावं, ते श्रेय नकळत सेंच्युरियनला गेलं.

जीपचा घोटाळा वेगळाच. १०६ सह तयार मिळणाऱ्या किटमधली एम-३८ए१ गोल मडगार्डची. इथे हवी ती महिंद्राने बनवलेली विलीज सीजे-३बी; तिचं बॉनेट उंच आणि मडगार्ड सपाट. किटमधली फक्त तोफ वापरावी, बॉनेट आणि मडगार्ड प्लास्टिकच्या पत्र्यातून नव्याने घडवावेत. तळाच्या पाटीवर नाव, पलटण '४ ग्रेनेडियर्स', गाव आणि तारीख एवढंच लिहावं. आकडा घालायचाच असेल तर तो मानपत्रातला की सांगोवांगीचा, हेही त्याच ओळीत लिहावं.