पोरांना परदेशी भाषा येऊ नये म्हणून काय करावं

तुमच्या पोराला जर्मन, फ्रेंच, जपानी यातलं काहीच येऊ नये अशी तुमची मनापासून इच्छा आहे का? मग वेळ घालवू नका, सरळ शाळेत जा आणि ती भाषा सक्तीची करा म्हणून निवेदन देऊन या. ऐच्छिक ठेवली तर धोका आहे. एखादं पोरगं आवडीनं शिकेल, मग त्याला ती येईल, मग घरात आपल्याला न कळणारं काहीतरी बोलत बसेल आणि पाहुण्यांसमोर आपलीच पंचाईत.

प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. २००० साली राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी कंपलसरी झालं, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं, चाचण्या, सहामाही, वार्षिक सगळं रीतसर, आणि तरी दहावी झालेल्या किती पोरांना समोरच्यानं इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की 'येस सर'च्या पुढे जाता येत नाही ते तुम्ही बघताच. आता हेच पोरगं हिंदी मात्र फाडफाड बोलतं, कारण ती त्याला टीव्हीवरच्या कार्टूननी शिकवली आणि कार्टूननी कधी चाचणी घेतली नाही. (शाळेतली हिंदी वेगळी. 'लिंग बदलो, वचन बदलो'वाली. तिचा आणि बोलण्याचा काही संबंध नाही.)

शिक्षक निवडताना खरंच जर्मन येणारा माणूस चुकूनही घेऊ नका. तसा तो मिळतही नाही म्हणा, ज्याला चांगलं येतं तो कंपनीत भाषांतरं करतो नाहीतर थेट जर्मनीत असतो, विनाअनुदानित शाळेच्या पगारावर तो कशाला येतोय. पीटीचे सर बघा. दहा दिवसांचं प्रशिक्षण द्या, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्रासकट, आणि साठ पोरांच्या वर्गात सोडा. धडा वाचा, अवघड शब्दांखाली रेघ मारा, उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्या. बोलायचं नाही कोणी! भाषेच्या तासाला बोललं की अंगठे धरायला लावा.

आणि एक गोष्ट पोरांपासून लपवून ठेवा. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. इंग्रजीवाला माणूस जर्मनमधली मुलगी नपुंसकलिंगी आहे ऐकून चक्रावतो, आपण लहानपणापासून 'ते पोरगं' म्हणत आलोय, आपल्याला त्यात काय नवल? पण हे वर्गात कोणी बोललं तर पोराला वाटेल अरे ही तर आपल्यासारखीच आहे, आणि एकदा भाषा जवळची वाटली की आपण कामातून गेलो. त्यापेक्षा डेअर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या शब्दांचा तक्ता वीस वेळा लिहून आणायला सांगा.

मार्कांची काळजी अजिबात नको, परदेशी भाषा म्हणजे स्कोअरिंग विषय. पंच्याण्णव पडतात, बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये कामाला येतात, सोसायटीच्या ग्रुपवर मार्कशीट टाकता येते. २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, आता तिकडे नर्सिंगला वगैरे जायचं तर साधारण बी टू लेव्हल, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी, लागते, तेव्हा हेच पंच्याण्णववाले क्लास लावतात आणि ए वनपासून, म्हणजे पहिल्या पायरीपासून, 'माझं नाव अमुक, मी तमुक गावी राहतो' इथून परत श्रीगणेशा करतात. असू दे, क्लासवाल्यांनाही पोटं आहेत.

धोरण मात्र अधूनमधून बदलत राहिलं पाहिजे, ते एका जागी टिकलं तर भाषा रुजायची भीती असते. केंद्रीय विद्यालयांनी हे फार सुंदर करून दाखवलंय, २०११ मध्ये सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन आणलं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, अर्धं वर्ष उलटल्यावर, बंद करून संस्कृत घ्या म्हणाले. आम्हीही मागे नाही, २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिलमध्ये काढला, जूनमध्ये शब्द फिरवून दुसरा काढला आणि त्याच जूनच्या शेवटी दोन्ही रद्द केले. पोरानं पाटीवर एक अक्षर गिरवायच्या आत तीन निर्णय, याला म्हणतात वेग.

कोणाला वाटत असेल की सक्ती कमी पडते म्हणून भाषा येत नाही, जरा कडक केली की येईल, तर त्याला गोव्याला पाठवा. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की तीन वर्षांत कोंकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. आता व्हाइसरॉयपेक्षा कडक मुख्याध्यापक कुठून आणणार? १९९२ मध्ये कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत जाऊन बसली आणि पोर्तुगीज उरली ती जुन्या कागदपत्रांत आणि काही घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात.

सध्या खरा घोळ कोरियननं घातलाय. आठवी-नववीच्या पोरी मोबाईलवर कोरियन सीरियल बघतात, गाणी पाठ करतात, लिपीसुद्धा आपली आपण शिकतात, एकमेकींना कोरियनमध्ये चिठ्ठ्या लिहितात, आणि यातलं कोणीच सांगितलेलं नाही. शासनानं हे वेळीच थांबवायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आहेच, तेव्हा उद्याच कंपलसरी करा, शंभर मार्कांचा पेपर ठेवा, वीस मार्क वह्यांना, त्यातले पाच वहीच्या कव्हरला, गाळलेल्या जागा, जोड्या लावा, 'माझा आवडता सण' कोरियनमध्ये दहा ओळी, आणि पस्तीसच्या खाली आलं की पालकांना शाळेत बोलवा. पहिल्या घटक चाचणीपर्यंत त्या पोरी हिंदी डबिंग शोधायला लागल्या नाहीत तर मला सांगा.