वाद पहिलीचा, धास्ती पाचवीची

गोव्यातला शिक्षण माध्यमाचा वाद विझत नाही, नुसता निवतो. 1990 मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवलं आणि चर्चच्या बहुतेक शाळांनी कोकणी माध्यम घेतलं. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीलाही अनुदान दिलं. त्याविरोधात माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर, संघाचे तेव्हाचे गोवा प्रमुख सुभाष वेलिंगकर यांच्यासारखी माणसं भारतीय भाषा सुरक्षा मंचातून रस्त्यावर उतरली. 2012 मध्ये सरकार बदललं, अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान मात्र राहिलं. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरल्यावर पुन्हा धुगधुगी आली आहे. परवा फोंड्याच्या मावसभावाने फोनवर ऐकवलंच, "तू तिथे बसून मातृभाषेच्या गोष्टी सांगतेस आणि पोरगी इंटरनॅशनल शाळेत. आम्ही इंग्रजीत घातलं की आम्ही भाषाद्रोही."

टोमणा वर्मी लागणारा आहे. पण हिशेब एकच नाही.

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आलो ते ठरावीक मुदतीच्या नोकरीवर. इथे इंटरनॅशनल शाळा दोन प्रकारच्या. एक, सरकारी मदतीवर चालणाऱ्या, प्राथमिकला वर्षाला पाच-सात हजार युरो फी असलेल्या; तिथे आईबाप मर्यादित काळासाठी इथे कामाला आहेत, असं कंपनीचं पत्र लागतं. दुसऱ्या खासगी, तिथला आकडा तिपटीच्या पुढे सहज जातो आणि तो बहुधा कंपनीच भरते. तिसरी वाट म्हणजे गल्लीच्या टोकाची डच शाळा, जवळजवळ फुकट. दोन-तीन वर्षांनी परत जायचं असेल, तर मुलाला डचमध्ये बुडवून पुन्हा बाहेर काढण्यात अर्थ नाही. म्हणून इंटरनॅशनल. एवढं साधं गणित होतं, त्यात इंग्रजीचं प्रेम फारसं नव्हतं.

या शाळांचं कौतुक करणारे एक सांगत नाहीत. जूनमध्ये वर्गात निरोपाची कार्डं फिरू लागतात. मुलीची जिवलग कोरियन मैत्रीण एका वर्षी गेली, पुढच्या वर्षी ब्राझीलची. वर्गात वीस देशांचे झेंडे, पण बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटल्यावर, खेळायला गल्लीत एकही ओळखीचं पोर नाही. शेजारची मुलं सायकली टाकून चेंडू खेळत असायची आणि ही खिडकीतून बघायची. हुशारी वाढते, मान्य. पण शाळा आणि वस्ती यांची ताटातूट होते, आणि ती फीच्या पावतीवर लिहिलेली नसते.

आता नोकरी कायम झाली आहे, म्हणून मुलीला डच शाळेत घालणार आहोत. इथे घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. डच मुलाची वाट साधारण बाराव्या वर्षी, प्राथमिकच्या शेवटी ठरते: व्यवसायशिक्षण, मधला प्रवाह की विद्यापीठाकडे नेणारा. शाळेचा सल्ला त्यात वजनदार. दहाव्या-अकराव्या वर्षी डच शिकायला लागलेल्या पोराला खालच्या प्रवाहाचा सल्ला मिळण्याची भीती असते. म्हणजे आईबाप बिचकतात ते पहिलीला नव्हे, पुढच्या उंबरठ्याला.

आमच्या गोव्यातही तेच आहे, फक्त कुणी बोलत नाही. मी माशेलला मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि पाचवीत, तिथे बहुतेकांचं होतं तसं, सगळं इंग्रजी झालं. पहिल्या चाचणीत गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. बाईंनी शेजारच्या मुलीला माझ्यासाठी प्रश्न हळू आवाजात कोकणीत सांगायची मुभा दिली, म्हणून निभावलं. मावसभाऊ पोराला बसमध्ये अर्धा तास डुलक्या घेत इंग्रजी शाळेत पाठवतो, तो या पाचवीच्या धास्तीने. त्याला भाषाद्रोही म्हणणं सोपं. ती धास्ती कशी घालवायची, हे मातृभाषावाल्यांपैकी थोडेच सांगतात. मी त्याच बाजूची आहे, तरी म्हणते.

डचांनी शाळेच्या पैशाचं भांडण 1917 मध्येच मिटवलं. धार्मिक शाळा आणि सरकारी शाळा यांना सारखा निधी, हे थेट घटनेत लिहिलं. आपण मात्र अनुदान चर्चला की मंदिराला, यावरच अडकलोय. अर्थात तेही संत नाहीत: स्थलांतरितांच्या मुलांना त्यांची मातृभाषा शिकवायचा सरकारी खर्च त्यांनी 2004 मध्ये बंद केला. आमची कोकणी घरी बोलणं आणि मराठी रात्री वाचून दाखवणं हे आमचं आम्हीच करायचं, आणि ते ठीकच आहे.

पण नवागत मुलांसाठी त्यांचे खास भाषावर्ग असतात. डच न येणारं पोर आधी तिथे भाषा शिकतं, मग नेहमीच्या वर्गात जातं. पाचवीच्या तोंडाशी गोव्यात असंच काही का नसावं? चौथीच्या शेवटच्या सत्रापासून पाचवीच्या दिवाळीपर्यंत गणित, विज्ञान मराठी-कोकणीतूनच, इंग्रजी शब्द सोबत घेत. पटसंख्येअभावी सरकारी मराठी शाळा बंद पडताहेत, शिक्षक इकडून तिकडे बदलले जाताहेत. त्यातले मातृभाषा आणि इंग्रजी, दोन्हींतून सफाईने शिकवणारे निवडले, तर नवी भरतीसुद्धा लागणार नाही.